खाली जाळ, वर बर्फ

आपटेकरसाहेब पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा कपाला हात लावण्याआधी त्यांनी शर्टाच्या खिशातून चार बोटं लांबीची पाणसळ काढली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर आडवी ठेवली. पाणसळ म्हणजे गवंड्यांकडे असते ती, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी. बुडबुडा मध्ये थांबला तर जागा सपाट, सरकला तर वाकडी. आमच्याकडे तो सरकला.

"तुमचं टेबल भिंतीकडे दोन सूत, म्हणजे पाव इंच, वाकलंय," ते म्हणाले. "लिहून घ्या."

मी लिहून घेतलं नाही. वीस वर्षं त्या टेबलावर जेवतोय, आजवर आमटी एका बाजूला गेलेली नाही. पण तेव्हापासून मी ताट भिंतीपासून जरा लांब सरकवून बसतो, हेही खरं.

शमुवेल आपटेकर आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. वय एकाहत्तर. सगळी नोकरी वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून झाली. पनवेलच्या बाजारातले जुने दुकानदार आजही त्यांना समोरून येताना पाहिलं की तराजूचा काटा एकदा बोटाने सरळ करून घेतात. लग्न केलं नाही. "वजनमापवाल्याला कोण मुलगी देणार? मापात पकडेल या भीतीने सासरा पळून जायचा," असं ते स्वतःच सांगतात. 'अंदाज नको, आकडा बोला' हे त्यांचं आवडतं वाक्य. माझ्या बायकोला ताप होता तेव्हा जिन्यात त्यांनी चौकशी केली. मी म्हटलं, "आता जरा बरं आहे." त्यावर ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मी परत वर गेलो आणि थर्मामीटर लावून आलो.

मी या सोसायटीचा मानद सेक्रेटरी. मानद म्हणजे शिव्या खायच्या आणि चहा स्वतःचा प्यायचा. त्यामुळे आपटेकरसाहेबांनी कारखान्याच्या कामगारांची ने-आण करणारी एक जुनी मिनीबस आणून कंपाउंडमध्ये उभी केली आणि तिच्यात घर बांधायला सुरुवात केली, तेव्हा तक्रारी माझ्याकडेच येणार होत्या. आल्याही. सुतार आला, पलंग आला, ओटा आला, खिडक्यांना पडदे लागले. रस्त्यावरून जाणारे आत डोकावून कोणता हिरो आलाय ते विचारू लागले. कोन गावच्या पेट्रोलपंपावर गाडी नेली, तर एकाने ती रक्तपेढीची समजून बाही वर सारून रक्तदान करायची तयारी दाखवली.

"साहेब, हे कशासाठी?" मी विचारलं.

"अक्का येतेय."

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. आपटेकर हे बेने इस्राएल, आपल्या कोकणातले मराठी ज्यू. पाताळगंगेच्या काठचं आपटा हे त्यांचं गाव, म्हणून आपटेकर. अक्का लग्न होऊन विसाव्या वर्षी इस्रायलला गेली. पुढे आईवडीलही पनवेलला येऊन राहिले आणि गावचं घर पडलं. अक्का मध्ये दोनदा येऊन गेली होती. आता तिसऱ्यांदा येणार होती, आणि या वयात ही खेप शेवटची हे दोघांनाही माहीत होतं. तिला मधुमेह. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत राहिलं पाहिजे. म्हणून गाडीत फ्रीज पाहिजे.

आणि तो फ्रीजच गार होत नव्हता.

फ्रीज साधा नव्हता. गॅसवर चालणारा होता. मागच्या बाजूला खाली एक छोटी निळी ज्योत जळते आणि वरच्या कप्प्यात म्हणे बर्फ होतो. खाली जाळ आणि वर बर्फ! मला हे सासू-सुनेच्या समझोत्याइतकंच अशक्य वाटलं होतं. पण साहेबांचा विश्वास दांडगा. "पेशंट उत्तम आहे. कारण सापडायचं राहिलंय." त्यांनी ज्योतीची नळी साफ केली. दाराच्या रबराच्या फटीत कागद धरून ओढून पाहिला. मागची जाळी पुसली, वाऱ्याला जागा केली. पेशंट चौदा अंशांवरून हलेना.

फ्रीजच्या दाराला एक वही टांगली होती. दर दोन तासांनी त्यात आकडा. फक्त शनिवारचा रकाना कोरा, कारण त्यांचा शब्बाथ असतो. त्या दिवशी ते लिहीत नाहीत, गाडी चालवत नाहीत, जाळ पेटवत नाहीत. तर एका शुक्रवारी दुपारी ते माझ्या दारात उभे. "सेक्रेटरी, शनिवार तुमचा. पेटलेलं असेल, हात लावू नका. फक्त आकडा वाचायचा आणि लिहून घ्यायचा."

अशा रीतीने मी, जिच्याविरुद्ध तक्रारी होत्या त्याच गाडीत दर शनिवारी थर्मामीटर वाचायला चढू लागलो.

माझा भाचा डॉक्टर आहे. त्याला विचारून मी एक सोपा उपाय घेऊन गेलो. "साहेब, इन्सुलिनला बर्फाचा थर्मास चालतो. अक्कांची व्यवस्था चांगल्या हॉटेलात करा."

"थर्मासमध्ये माणसाला झोपता येत नाही," ते म्हणाले आणि विषय संपला.

शेवटी रशीदभाईंना बोलावलं. रशीदभाई पंचवीस वर्षं कुवेतला फ्रीज दुरुस्त करून पनवेलला परतलेले. तिकडे हौशी लोक वाळवंटात अशाच गाड्या घेऊन मुक्कामाला जातात, त्यामुळे हा प्रकार त्यांच्या हाताखालून गेलेला. ते गाडीत चढले, फ्रीजकडे बघितलंच नाही. खाली उतरले, लांब जाऊन उभे राहिले आणि मान तिरकी करून गाडीकडे बघत बसले.

"साहेब, फ्रीज बेकसूर आहे," ते म्हणाले. "गाडी वाकडी आहे."

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून आमच्या बिल्डरने कंपाउंडला फाटकाकडे उतार दिलाय. त्याने चोख केलेलं हे एवढं एकच काम.

"याच्यात मोटर नाही, पंप नाही," रशीदभाई सांगत होते. "अंदरचं पाणी आपल्या वजनाने उतरतं. गाडी तिरकी असली की ते वाटेतच अडकून बसतं. तुम्ही एवढे दिवस वाकडा चालवलात, आता त्याला काढून एक दिवस उलटा ठेवा. सगळं सुटेल, इन्शाल्ला."

ज्या माणसाने अख्ख्या सोसायटीची टेबलं तपासली होती, त्याने स्वतःच्या गाडीत पाणसळ ठेवली नव्हती! मला हसू आवरेना. साहेब मात्र खिशावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "सेक्रेटरी, माझी चूक. लिहून घ्या." हे मात्र मी आनंदाने लिहून घेतलं.

चौघांनी धरून फ्रीज बाहेर काढला आणि कंपाउंडमध्ये डोक्यावर उभा केला. दिवसभर त्याचं शीर्षासन चाललं होतं. एका आजोबांनी जाता जाता त्याला नमस्कारही केला. मग सरळ करून आणखी एक दिवस विसावा दिला, चाकांखाली फळ्या घालून गाडी समपातळीत आणली आणि ज्योत पेटवली. दुसऱ्या दिवशी आकडा चार. रशीदभाईंनी निघताना विचारलं, "साहेब, इतकी नाजूक चीज कशाला? बॅटरीवरचा बसवून देतो. थोडा वाकडा असला तरी चालतो."

"नको. जाळ पाहिजे."

"का?"

"बॅटरीचा भरवसा नाही," साहेब म्हणाले. पण हे सांगताना त्यांनी कोणताही आकडा दिला नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

त्यानंतर साहेब रोज स्कूटर घेऊन जाऊ लागले. पनवेल ते आपटा रस्त्यावर मिळेल तिथे थांबायचे आणि जमिनीवर पाणसळ ठेवायचे. शाळेचं मैदान, देवळासमोरची जागा, ढाब्याचं आवार. सगळ्यांची वहीत नोंद. लोकांना वाटलं, आणखी एक रस्ता येतोय. दोघांनी त्यांना बाजूला घेऊन मोबदल्याचं विचारलं.

अक्का आल्या. ठेंगण्या, पांढरे आखूड केस, मराठी मात्र साठ वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी जपलेली. गाडी बघून म्हणाल्या, "शमू, हे काय मांडलंयस?" साहेब म्हणाले, "बैस तर." शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. नोंदींसाठी मी बरोबर होतोच. साहेब ताशी तीसच्या वर गेले नाहीत. अक्का पलंगावर बसून खिडकीतून बघत होत्या. एकदाच बोलल्या. "मागच्या दोन्ही वेळेला वीस मिनिटं उभी राहिले गावात. पाठ टेकायला जागा नाही. आपल्याच गावात पाहुणी झाले मी."

आपट्याला पोचलो. शाळेचं मैदान गेलं. देवळासमोरची जागाही गेली. दोन्ही वहीत 'उत्तम' होत्या, पण साहेब थांबले नाहीत. एका अरुंद गल्लीतून, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून, गाडी नदीच्या अंगाला नेली. तिथे एक दगडी जोतं होतं. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसतं जोतं. झाडून लख्ख केलेलं. एका बाजूने दगडमातीचा चढ रचलेला, आणि शेजारचे शेतकरी म्हात्रे घमेलं घेऊन उभे.

"चढवा सायेब," ते म्हणाले. "चढ पक्का हाय. आमी पेंढा काढला सगला. इचारायचं काय त्यात, जोतं तुमचंच हाय."

गाडी हळूहळू जोत्यावर चढली. साहेबांनी ती तीनदा पुढेमागे केली, खाली उतरून टेपने मापं घेतली, पुन्हा अर्धा हात मागे घेतली. मग दगडावर पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये.

"लिहून घ्या. बाबांनी बांधलेलं जोतं. एक सूत हललेलं नाही."

अक्का आत पलंगावरच होत्या. साहेब दारात उभे राहून, साइटवर इंजिनिअर सांगतो तसं सांगू लागले. "तू बसलीयस ती आईची खोली. तुझं डोकं भिंतीकडे यायचं, तसंच येईल. हा दरवाजा म्हणजे पडवी. आणि हा फ्रीज..." त्यांनी हातातली टेप गुंडाळून खिशात टाकली. "इथे चूल होती."

अक्का उठल्या. गुडघ्यावर हात देत वाकल्या आणि फ्रीजच्या खालच्या झरोक्यातून आत बघितलं. निळी ज्योत जळत होती. त्या बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. मग म्हणाल्या, "आई विझू द्यायची नाही." साहेब बाहेर येऊन चाकांखालचे दगड तपासू लागले. तपासण्यासारखं त्यात काही नव्हतं. माझेही डोळे भरून आले होते, म्हणून मीही वाकून दगडच तपासले.

संध्याकाळी शब्बाथ लागण्याआधी अक्कांना तिथे शुक्रवारचा दिवा लावायचा होता. बहीणभावांना घरात सोडून मी एसटीने पनवेलला परतलो.

शनिवार माझा. सकाळी आठला मी स्कूटरवरून आकडा घ्यायला हजर. साहेब जोत्याच्या कडेला पाय सोडून बसले होते. काल बरोबर नेलेली वही उघडून मी दाराकडे निघालो, तर त्यांनी माझा दंड धरला.

"आत जाऊ नका. अक्का झोपलीय."

"अजून?"

"काल दिवा लावला आणि आडवी झाली. इन्सुलिनला अजून अर्धा तास आहे."

"पण साहेब, आकडा?"

थर्मामीटर आत होता, दार चार पावलांवर होतं. त्यांनी खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं आणि माझ्या दंडावरचा हात काढला नाही.

"असेल हो," ते हळू आवाजात म्हणाले, "चार-पाच."

मी शेजारी बसलो आणि वहीत लिहून घेतलं. शनिवार, सकाळी आठ. अंदाजे चार.