विचारून लिहिणारे सिद्रामअण्णा

सिद्रामअण्णांनी आपल्या कादंबरीत एकही माणूस परवानगीवाचून घेतला नाही.

सोलापूरच्या नवी पेठेत साड्यांच्या दुकानात ते दिवसभर घड्या मोडायचे आणि घालायचे. दुकान बंद झालं की माझ्या टायपिंग सेंटरवर येऊन पान-दोन पानं सांगायचे, मी टाइप करायची. कादंबरी दुधनीच्या अलीकडच्या त्यांच्या गावाची. तिच्यात खून नाही, पळून जाणं नाही. माणसं कामं करतात, बोलतात, जेवतात.

नवं माणूस आलं की अण्णा हात वर करायचे. "थांबा मॅडम. गौराक्काला विचारून येतो, मग लिवा."

रविवारी एसटीने गावी. सोमवारी दुरुस्ती हजर. "गौराक्का म्हणत्यात, मी तंबाखू खात न्हाय, नुसती मळते."

"मग मळून देतात कुणाला?" मी सहज विचारलं. एवढ्यासाठी ते पुढच्या रविवारी पुन्हा गेले.

रसूल टेलरला पुस्तकात उंच व्हायचं होतं. "वाढवा थोडं," अण्णा म्हणाले. "त्याचं मन कशाला मोडायचं." अबोला धरलेल्या दोन जावा एका प्रकरणात बसायला तयार होईनात, म्हणून प्रकरणाचे दोन तुकडे झाले.

"अण्णा, यात काही घडतच नाही," मी एकदा म्हणाले.

"घडतंय की. गौराक्का उठत्यात, चूल पेटवत्यात. रोज. हे लई न्हाय व्हय?"

पुस्तक छापून आलं तेव्हा ते मला गावी घेऊन गेले. शाळेच्या व्हरांड्यात वाचन झालं. जो तो आपलं नाव कधी येतंय याची वाट बघत होता. आपल्या उंचीचं वाक्य आलं तसा रसूल टेलर उठून उभा राहिला आणि प्रकरण संपेपर्यंत बसला नाही.

वाचन संपलं, लोक पांगले. कुंपणाशी उभा असलेला एक माणूस पुढे आला. नाक थेट अण्णांसारखं.

"सगळं गाव हाय. मीच न्हाय?"

"माजा धाकटा भाऊ, चनबसू," अण्णा मला म्हणाले. मग त्याच्याकडे वळले. "दर खेपेला तुज्या दारात उभा ऱ्हायलो की. तू कडी काढली न्हाईस."

"आई तुजं नाव घेत गेली. तू सोलापुरात."

"व्हय."

दर रविवारी अण्णा गावी कशासाठी जात होते, ते मला आत्ता समजलं.

चनबसू वळला, दोन पावलं गेला आणि थांबला. "जेवून जा," तो म्हणाला. "मॅडमलाबी आण."

घरात दोघे भाऊ शेजारी बसले. भाकरी, शेंगाचटणी. चनबसूने त्यांच्या चटणीवर तेल घातलं.

"बस चुकली तर ऱ्हा की," तो ताटाकडे बघतच म्हणाला.

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. तो तोंडाशी न्यायला त्यांना फार वेळ लागला.