फडक्याचं बटण

ठिपकेवाल्याने आदल्या संध्याकाळी स्क्रीन चालूच ठेवला आणि तिथेच सगळं बिनसलं.

कर्करोगाच्या त्या संशोधन संस्थेत त्याला याच नावाने हाक मारत. दोन वर्षं खपून त्याने एक साधन तयार केलं होतं. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर नऊशे ठिपके, एकेक ठिपका म्हणजे एकेक रुग्ण. ज्यांच्या गाठींतले जनुकांचे बिघाड सारखे, ते जवळजवळ. काही ठिपक्यांभोवती बोट फिरवलं की ते केशरी होत आणि ती माणसं किती वर्षं जगली याची रेषा शेजारी उमटे. मोठ्या मॅडमचा जीव मात्र छापील तक्त्यांवर. "उद्या दाखवा. पटलं तर ठेवू, नाहीतर गुंडाळा," असं त्यांनी बजावलं होतं. माहिती चढायला वीस मिनिटं लागत. ऐनवेळी फजिती नको म्हणून स्क्रीन रात्रभर चालू ठेवायचा हा शहाणपणा.

सकाळी दहाला मॅडम दोन डॉक्टरांना घेऊन आल्या, तेव्हा कोपऱ्यातले तेवीस ठिपके आधीच केशरी होते. हे ठिपकेवाल्याने केलेलं नव्हतं. तो तोंड उघडणार, तोच मॅडमनी चष्मा वर केला.

"हे कोण? बाकीच्यांपेक्षा दोन वर्षं जास्त जगलेत."

"मी काय म्हणत होतो?" गाठीवाले डॉक्टर पुढे सरसावले. "यांच्या पेशी स्वतःची दुरुस्ती करतात."

"कसली दुरुस्ती? हा नव्या गोळीचा गुण," औषधवाल्या बाई म्हणाल्या.

अर्ध्या तासात फळा भरला. दोघांनाही आपापलं कारण सापडलं होतं आणि दुसऱ्याचं ऐकायची गरज उरली नव्हती. मॅडम ठिपकेवाल्याकडे वळल्या. "इतके दिवस हे का नाही दाखवलंत? ठेवू आपण साधन."

हेच शब्द ऐकायला तो दोन वर्षं थांबला होता. पण ते ठिपके त्याने निवडलेच नव्हते. त्याने गुपचूप नोंद उघडली. निवड सकाळी सहा पन्नासची, थेट स्क्रीनवरून. त्या वेळी तो घरी चहा पीत होता. तो बाहेर गेला. सफाईवाल्या मावशी खिडकी पुसत होत्या.

"मावशी, सकाळी स्क्रीनला हात लावलात?"

"हात कशाला लावू? पुसला. माशांनी नुसती घाण करून ठेवली होती. कोपऱ्यातले डाग घासघास घासले, तर जायचे सोडून उलटे केशरी झाले. म्हटलं, आता जास्त नको."

गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं आणि साधन वाचणार होतं. पण चार वर्षं हे लोक फडक्यामागे धावतील आणि कुणीतरी आजारी माणूस त्यावर आशा लावून बसेल, हे काही त्याला पचेना. त्याने आत जाऊन सांगून टाकलं.

गाठीवाल्या डॉक्टरांनी मुकाट्याने फळा पुसायला घेतला. मॅडमनी ते तेवीस ठिपके पुन्हा एकदा निरखले. मग म्हणाल्या, "मावशींना बोलवा."

मावशी आल्या त्या नोकरी गेली असं धरूनच.

"मावशी, अजून दहा वेळा पुसा. वाटेल तिथे."

मावशींनी पुसलं. दहापैकी चार वेळा रेषा तशीच वर गेली. दर वेळी डॉक्टरांचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"साधन ठेवायचं," मॅडम म्हणाल्या. "पण त्यात एक बटण घाला. आम्हाला काही सापडलं की आधी ते दाबायचं. मग साधनाने तेवढेच ठिपके, कुठलेही, हजार वेळा उचलून बघायचे. आमचं त्यातूनही वेगळं दिसलं, तरच बोलायचं."

"बटणाला नाव काय देऊ?"

"फडकं."

मावशी अजून दारातच होत्या. "पण हे डाग आहेत तरी कसले?"

"डाग नाहीत, मावशी," ठिपकेवाला म्हणाला. "आजारी माणसं आहेत."

मावशींनी हातातल्या फडक्याकडे पाहिलं. "आणि मी घासून काढायला निघाले होते." त्या खाली मान घालून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनच्या कडा लखलखीत होत्या. मधे, ठिपक्यांवर, धूळ तशीच होती. ठिपकेवाल्याने आधी स्क्रीन बंद केला आणि मग ती स्वतःच्या रुमालाने हलकेच टिपून घेतली.