दत्तात्रेयांनी वायफायला कुलूप लावलं

रेवसच्या दत्तात्रेयांच्या घरचं वायफाय पहिल्यापासून उघडंच होतं आणि त्याबद्दल कुणाची तक्रारही नव्हती. मुलगी वल्लरी नोकरीसाठी सिंगापूरला गेली, तेव्हा आपला जुना राउटर आणि त्याहून जुना टॅब्लेट मागे ठेवून गेली. राउटरची एक अँटेना मोडलेली, सुंभाने बांधलेली. पण पडवीभर रेंज यायची, आणि रेंजमागोमाग माणसं यायची. मासळी विकून परतताना सोनाबाई टोपली खाली ठेवून जहाजावरच्या मुलाशी, साहिलशी, बोलायची. रिक्षावाला धर्मा लाँच येईपर्यंत व्हिडिओ बघायचा. दत्तात्रेय बंदराच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. न्हावा शेवाच्या कंटेनरांच्या गोष्टी ऐकवायला त्यांना माणसं हवीच होती. (बायकोने, म्हणजे नूतनने, त्या सगळ्या गोष्टी लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ऐकून संपवल्या होत्या.)

एका रविवारी त्यांनी पेपरात वाचलं की कुणाच्यातरी उघड्या वायफायवरून भामट्याने भलत्यालाच गंडा घातला आणि पोलीस आले ते वायफायवाल्याच्या दारात. दत्तात्रेयांचा चहा हातातच निवला.

"आज कुलूप लावून टाकतो," त्यांनी जाहीर केलं.

"लावा. पण बिघडवू नका," नूतन म्हणाली. तिला नवऱ्याचा अनुभव होता.

टॅब्लेटवर राउटरची सेटिंग्ज उघडून ते बसले. कुलपांचे प्रकार एकाखाली एक आले. सर्वांत खालचं सर्वांत भक्कम, पण त्याच्याखाली बारीक अक्षरात सूचना होती: जुनी उपकरणं याला जोडली जाणार नाहीत. दत्तात्रेयांना धर्माच्या तडा गेलेल्या फोनची मनापासून कीव आली, आणि त्यांनी सर्वांत खालचंच निवडलं. सेटिंग्जना कुणी हात लावू नये म्हणून तिथे एक वेगळा पासवर्ड घातला. तो इतका गुप्त होता, की घातल्या घातल्या खुद्द त्यांच्याही लक्षात राहिला नाही.

राहता राहिला वायफायचा पासवर्ड. तो सुचला आणि दत्तात्रेय क्षणभर हळवे झाले. वडिलांच्या वेळी, म्हणजे भाऊंच्या वेळी, आळीतला एकुलता एक टेलिफोन याच घरात होता. काळा, जड, वर आईने विणलेला रुमाल. मुंबईहून फोन आला की भाऊ वाडीच्या टोकाला जाऊन हाका मारायचे आणि नारळीखालून माणसं पळत यायची. पोहोचेपर्यंत फोन कट व्हायचा. मग तो पुन्हा येईपर्यंत पडवीत बसायचं, आई कोरा चहा द्यायची. सोनाबाई तेव्हा नवी नवरी. तिचा नवरा मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यावरून फोन करायचा. ती भिंतीकडे तोंड करून बोलायची आणि अख्खं घर बहिरं झाल्याचं सोंग करायचं. तो फोन केव्हाच गेला, पण त्याचा नंबर दत्तात्रेयांना तोंडपाठ होता. लांबी कमी पडली म्हणून तो त्यांनी दोनदा घातला.

दुपारी सोनाबाई आणि धर्मा आले. दोघांच्याही फोनवर कुलपाचं चित्र दिसलं. दत्तात्रेयांनी त्यांना पेपरातली बातमी सविस्तर सांगितली. सोनाबाई टोपली उचलू लागली. दत्तात्रेयांना ते पाहवेना. तेव्हा वातावरण हलकं करावं म्हणून (आणि थोडी फुशारकी म्हणूनही) ते म्हणाले, की पासवर्ड भाऊंच्या जमान्यातला नंबर आहे, आता घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नसणार, आणि तोही दोनदा घातलाय.

सोनाबाईने टोपली परत ठेवली. फोन हातात घेतला आणि अंक दाबले. साहिलचा चेहरा पडद्यावर आला.

"तुला कसा ठाऊक?" दत्तात्रेयांनी विचारलं.

"आख्ख्या आळीला ठावं हाय," ती म्हणाली. "मुंबईच्या सगल्या सोयऱ्यांना त्योच नंबर दिलेला. माजं लगीन त्याच नंबरावर टिकलं."

धर्माचा तडा गेलेला फोनही जोडला गेला. आईने तो नंबर त्याच्याकडून लहानपणीच पाठ करून घेतला होता.

आता दत्तात्रेयांनी टॅब्लेट उघडला. टॅब्लेटने वायफाय ओळखलंच नाही. नंबर पुन्हा पुन्हा घातला. बंद करून चालू केला. राउटरसमोर नेऊन धरला, तरी नाही. नूतनच्या फोनवर वल्लरीचा कॉल चालू होता. तिने आईकडून ऐकलं आणि सांगितलं, की टॅब्लेट फार जुना आहे, बाबा, त्याला हे कुलूप कळतच नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन बदला. धर्माच्या फोनवरून उघडलेल्या सेटिंग्जनी पासवर्ड मागितला. दत्तात्रेय आढ्याकडे बघत राहिले.

वेळ मात्र थांबणार नव्हती. संध्याकाळी ऑफिसातले जुने सोबती व्हिडिओवर भेटणार होते, आणि मोठ्या ऑपरेशननंतर बाळाजी आज पहिल्यांदा दिसणार होता. ज्याच्या डब्यात रोज निम्मा हात दत्तात्रेयांचा असायचा, तो बाळाजी. दत्तात्रेयांचा स्वतःचा फोन बटणांचा. नूतनच्या फोनवर अजून वल्लरीच होती, आणि मायलेकींचं बोलणं मध्येच तोडायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. स्वतःच्या पडवीत, स्वतःच्या वायफायखाली, ते एकटेच बिननेटचे बसले होते.

धर्मा लाँच आली म्हणून केव्हाच गेला होता, पण अजून पडवीतच बसलेल्या सोनाबाईला राहवलं नाही. "माज्या फोनात थोडा नेट हाय, त्यो घ्या," ती म्हणाली आणि तिने हॉटस्पॉट चालू केला. त्याला कुलूप नव्हतं. टॅब्लेट लगेच जोडला गेला.

बाळाजी दिसला. गाल बसलेले, हसू तेच. कँटीनचा चहा निघाला, पावसात भिजलेले कागद निघाले, सगळे एकदम बोलू लागले. बाळाजी काहीतरी सांगणार, इतक्यात त्याचा चेहरा पडद्यावर थिजला. दत्तात्रेयांनी मान वर केली. सोनाबाई टोपली डोक्यावर घेऊन फाटकाबाहेर पडली होती. घरी तिचे जेवणारे खोळंबले होते.

दत्तात्रेय चपला न घालताच निघाले. टॅब्लेट छातीशी धरून, टोपलीपासून दोन हातांवर, ते भर आळीतून सोनाबाईच्या मागे चालू लागले. पडद्यावर बाळाजी पुन्हा हलला. दत्तात्रेयांच्या खांद्यामागून सरकणाऱ्या नारळी त्याने जरा वेळ निरखून पाहिल्या.

"फिरायला निघालास काय रे?" त्याने विचारलं.

"हो," दत्तात्रेय धापा टाकत म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय."