मुख्तारभाई आणि त्यांचे जनाब

मुख्तारभाई जंतूंना अहोजाहो करतात. आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात त्यांची लॅब. मी वर केसपेपरच्या खिडकीत. पेशंटच्या लघवीतले, रक्तातले जंतू ते काचेच्या बशीत वाढवतात, त्यावर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या मांडतात आणि कोणत्या चकतीजवळ जंतू फिरकत नाहीत ते बघतात. ते औषध लागू पडणार.

सर्जनसाहेब फोनवर ओरडतात, "रिपोर्ट कुठंय?"

"जनाब अजून उठले नाहीत, साहब. सकाळी विचारून सांगतो."

"मग मी भारीतलं अँटिबायोटिक सुरू करतो!"

"करा की. जनाबांना त्याचीही सवय झाली की मग काय शेरवानी घालून विनंती करणार?"

स्वतःचा चहा मात्र ते लॅबबाहेरच्या पायरीवर पितात. "जनाबांच्या घरी मेहमान व्हायचं नाही. ते यजमानालाच खातात."

त्यांच्या अशा बोलण्याच्या नकला करून मी कँटीनमध्ये टाळ्या घ्यायचो. मग माझेच वडील तापानं फणफणत वॉर्डात आले. लघवीत जंतुसंसर्ग. डॉक्टरांनी नमुना तळघरात पाठवला आणि साधं औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशीही ताप हटेना. वाळूजहून आलेला मेहुणा गरजला, "दाजी, इथं नोकरी करून उपयोग काय? भारीतलं इंजेक्शन लावायला सांगा!"

मी तळघरात धावलो. "मुख्तारभाई, डॉक्टर तुमचं ऐकतात. मोठं इंजेक्शन द्या म्हणा."

"बीपी?"

"ठीक आहे म्हणतात."

"होश?"

"मेहुण्याला शिव्या देताहेत."

"माशाल्ला. डॉक्टरांची नजर आहे ना? मग सकाळपर्यंत सब्र करा."

"वर येऊन बघा तरी!"

"मी वर जात नाही. चेहरा दिसला की हात घाई करतो."

ती रात्र मी कशी काढली, विचारू नका. सकाळी रिपोर्ट आला: साधंच औषध पुरेसं होतं. दुपारी ताप उतरला. मी पेढे घेऊन खाली गेलो. त्यांनी पायरीवर येऊन एक उचलला.

"वडील घरी गेले की कळवा," ते म्हणाले. "बावीस वर्षं बश्या बघतोय. पुढं माणूस घरी गेला का, कुणी सांगत नाही. विचारायची हिंमत होत नाही."

डिस्चार्जच्या दिवशी मी व्हीलचेअर फाटकाकडं न नेता लिफ्टनं खाली नेली. मुख्तारभाई हात धुऊन बाहेर आले.

"तुम्हीच व्हय ते?" वडील म्हणाले. "लई ताटकळत ठेवलं बाबा!"

मुख्तारभाई खुर्चीपाशी वाकले. त्यांनी विचारलं, "भूक लागते का, चाचा?"

"लागती की. आज घरी भाकरी अन् वांगं हाय."

त्यांनी मान डोलावली, माझ्या हातातून खुर्ची घेतली आणि फाटकापर्यंत स्वतः ढकलत नेली. रिक्षा वळेपर्यंत ते तिथंच उभे होते.