दिवाणखान्यातली होडी

शनिवारी सकाळी फूटपट्टी नावाच्या गृहस्थाने दिवाणखान्यातला सोफा, टीपॉय आणि पुस्तकांचं कपाट झोपायच्या खोलीत ढकललं आणि मोकळ्या फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीने होडी आखायला घेतली. घरांचे नकाशे काढण्यात त्याची हयात गेली होती. कचेरीत सगळे त्याला फूटपट्टी म्हणत आणि त्याला त्याचा राग येत नसे. उलट माणसाला याहून चांगलं नाव काय मिळणार, असंच त्याचं मत होतं.

शिडाच्या होडीचं वेड त्याला लग्नाआधीपासूनचं. आता गाडं दोन होड्यांवर येऊन अडलं होतं. पांढरी होती ती उघडी, दोघांपुरती. सकाळी निघावं, संध्याकाळी घरी यावं. निळीला खाली एक खोलीवजा जागा होती, शनिवार-रविवार पाण्यावर मुक्काम करता येईल अशी. फूटपट्टीचा जीव निळीवर जडला होता. सोमवारपर्यंत काय ते कळवा, असं विकणाऱ्याने बजावलं होतं. बायकोची अट त्याहून वरचढ होती.

"त्या निळीत जेवढी जागा आहे तेवढ्यातच आपण दोन दिवस राहून बघायचं," ती म्हणाली होती. "एकदा जरी भांडण झालं, तर पुन्हा विषय काढायचा नाही. निळी नाही, पांढरी नाही, कागदाचीसुद्धा नाही."

ती औषधांचं दुकान चालवायची. कुठलीही गोष्ट आधी थोडी घेऊन बघावी, सोसली तर पुढे जावं, हा तिचा खाक्या.

आखता आखता पहिलं विघ्न आलं. होडीचं मागचं टोक खिडकीला टेकवूनही पुढचं टोक दिवाणखान्यात मावेना. ते दारातून बाहेर पडलं आणि जिन्यासमोर जाऊन थांबलं. रुंदीला मात्र होडी जेमतेम दोन माणसांची.

"थोडी आखूड करा की," बायको म्हणाली.

"मापात फरक करायचा? मी?"

"मग दार कसं लावायचं?"

"अगं, होडीच्या मधोमध दार कोण लावतं?"

तेव्हा दार उघडंच राहिलं. पट्टीच्या बाहेर सगळं पाणी, न्हाणीघर म्हणजे किनारा, असे नियम ठरले. पाव, उकडलेली अंडी आणि चहाचा थर्मास आत घेऊन दोघांनी नांगर उचलला.

दुपारपर्यंत प्रवास सुखाचा झाला. मग फूटपट्टीच्या अंगात कप्तान संचारला.

"उठताना सांगून उठत जा. होडी कलंडते."

"फरशी कलंडते?"

"कलंडली असं समज."

"बरं. तुमचं कोपर माझ्या बरगडीत रुततंय, त्याचं काय समजू?"

"ते कोपर नाही, सुकाणू आहे."

"हे बघा, ते सुकाणू आत्ताच्या आत्ता काढा, नाहीतर मी..." बायकोने ओठ घट्ट मिटले. इतक्या वर्षांचं स्वप्न एका कोपरापायी गटांगळ्या खात होतं.

नेमके तेव्हाच शेजारचे मास्तर जिन्याने वर आले. जमिनीवरची पट्टी पाहून थबकले, मग आत डोकावले. रिकाम्या दिवाणखान्यात नवरा-बायको एकमेकांना चिकटून, चेहरे पाडून बसलेले.

"सगळं ठीक आहे ना?" असं म्हणत मास्तरांनी आत पाऊल टाकलं.

"थांबा, पाणी आहे!" फूटपट्टी ओरडला.

मास्तरांनी कोरड्या ठणठणीत फरशीकडे पाहिलं, फूटपट्टीकडे पाहिलं, आणि ते उलट पावली घरी गेले. तिथून त्यांनी फूटपट्टीच्या मोठ्या बहिणीला फोन केला.

ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती बॅग भरूनच आली. दारातच तिने धाकट्या भावाच्या कपाळाला हात लावला, ताप नाही म्हटल्यावर डोळे पुसले आणि सगळी हकिकत ऐकल्यावर मात्र कंबर कसली.

"गधड्या, आधी सांगायचं नाही? सरक."

"ताई, इथे आम्हीच कसेबसे..."

"मी कुठे जास्त जागा घेते? वहिनी, तू टोकाला हो. हे अंड्यांचं भांडं इथे कशाला? आणि तू कसा बसलायस वाकडा! पाठ सरळ!"

कप्तानाची टोपी डोक्यावरून कधी गेली, ते फूटपट्टीला कळलंच नाही. ताईने थर्मासची जागा बदलली, चहा कुणी कधी प्यायचा ते ठरवलं आणि जेवण झाल्यावर मधोमध आडवी होऊन जी घोरू लागली, ती थेट सकाळपर्यंत. एका कडेला बायको, दुसऱ्या कडेला फूटपट्टी, दोघांचेही पाय पाण्यात. पण भांडायला तोंड उघडावं लागतं, आणि ताईपुढे तोंड उघडायची दोघांचीही प्राज्ञा नव्हती. रविवारी संध्याकाळी दोन दिवस पुरे झाले, आणि भांडण एकही नाही.

"निळीच घ्या," ताईने बॅग भरता भरता निकाल दिला. "माझी जागा ठरली, बॅग कुठे ठेवायची तेही ठरलं. दर शनिवारी येत जाईन."

ताई जिना उतरली. मग दोघं एकदमच म्हणाले, "पांढरी."

सोमवारी पांढरीचं पक्कं झालं. पण हे ताईला सांगायचं कसं? फूटपट्टीने घसा तीनदा साफ करून फोन लावला.

"ताई, रागावू नकोस. आम्ही ती लहान घेतली. तिच्यात तिसरं माणूस बसत नाही गं."

पलीकडून एक लांबलचक सुस्कारा ऐकू आला.

"सुटले रे बाबा! अरे, मला नुसतं धक्क्यावर उभं राहिलं तरी गरगरतं. पण तुझा जीव त्या निळीवर. मी सोबत येते म्हटलं की वहिनी धीर करेल, असं वाटलं म्हणून तसं बोलून गेले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या!"

"मग घोरत कोण होतं?" असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण बहिणीच्या मायेपुढे त्याने ते गिळलं.

फोन ठेवून तो वळला. बायको फरशीवर उकिडवी बसून नखाने पट्टी खरवडत होती.

"वन्सं रागावल्या?"

"नाही गं. तिला पाण्याची भीती वाटते. ती येणारच नव्हती." त्याच्या डोळ्यांपुढे निळी होडी डुलत होती. "म्हणजे खरं तर आपण निळी..."

बायकोने मान वर केली.

"अहो, वन्सं आल्या नसत्या ना, तर शनिवारी दुपारीच बुडालो होतो आपण."

नकळत फूटपट्टीचा हात आपल्या कोपरावर गेला. मग तो तिच्या शेजारी बसला आणि दाराच्या बाजूने पट्टी काढायला लागला. शनिवारनंतर आज पहिल्यांदाच ते दार लागणार होतं, आणि त्याला फार बरं वाटलं.