मागच्या दाराच्या बाया

टीव्हीवरचा कार्यक्रम संपला की त्यातली माणसं आमच्याकडं चहाला येतात. चर्चेवाले पुढच्या दारानं येतात, त्यांना ओसरीवर खुर्च्या. मालिकेतल्या बाया मागच्या दारानं थेट चुलीपाशी जातात. असं कुणी ठरवलं ते मला ठाऊक नाही, पण खुर्च्या पहिल्यापासून ओसरीवरच आहेत.

मी ओसरीवर बसायचो. सीमेवर पुढं काय होणार ते तिथं कळायचं. आत आमची कौसल्या आणि मालिकेतली शर्वरी हळू आवाजात बोलत बसायच्या. काय ते मी कधी विचारलं नाही. चहा वेळेवर बाहेर यायचा.

माघात कौसल्या गेली. तेरावं झाल्यावर शर्वरी मागच्या दारात उभी, खांद्याशी तान्ही पोर.

"आजी कुठं आहेत?"

"गेली, बाई."

ती उंबऱ्यावरच बसली. "ही पोर मोठ्या जावेला देऊन टाक, म्हणून सासूबाई मागं लागल्यात. तिला मूलबाळ नाही ना. आजींना विचारलं होतं. विचार करून सांगते म्हणाल्या. तुमच्यापाशी काही बोलल्या का?"

मी आठवून पाहिलं. मला फक्त सीमेवरचं आठवत होतं.

मग तिला ओसरीवर नेलं. चर्चा चालवणारे देवस्थळी शिकलेले, सगळ्या जगाला सल्ला देतात. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"आजोबा, हा विषय ओसरीचा नाही. आतला आहे."

"आत आता कुणी नाही, साहेब."

"मग तो प्रलंबित राहील."

बाकीच्यांनी माना हलवल्या. एकजण म्हणाला, "रडारडीच्या मालिका त्या. तुम्ही चहाचं बघा."

"मला उद्या साडेसातला उत्तर द्यायचंय," शर्वरी म्हणाली.

दे म्हणावं का देऊ नको म्हणावं, मला सुचेना. अशा वेळी काय सांगतात ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला पहिल्यांदा मालिका लावली. तिनं पोर दिली. जावेनं घेतली. जाहिराती लागल्या.

मग ती आली, मागच्या दारानं, रिकाम्या हातांनी. कौसल्या त्या पोरीसाठी आपल्या जुन्या लुगड्याचं दुपटं शिवत होती. अर्धं राहिलेलं, सुई तशीच खोवलेली. मी ते तिच्यापुढं ठेवलं.

बराच वेळ ती त्यावरून हात फिरवत राहिली. "पुरं करून जावेकडं पाठवते," म्हणाली. "जरा टोक धरता का, आजोबा?"

ओसरीवरून चहाची हाक आली. पुन्हा हाक आली. माझ्या हातात टोक होतं, उठता आलं नाही.