वेगळ्या बिऱ्हाडातला डेटाबेस

"आज आपली साइट वाऱ्यासारखी पळणार!" गणराजने छाती फुगवून जाहीर केलं.

हरिहरेश्वरच्या बारा घरांतल्या पाहुण्यांच्या खोल्या त्याच्या वेबसाइटवरून भरत. बायकोने, प्रणालीने, घरातली एक खोली यंदा पहिल्यांदाच त्यात घातली होती! दिवाळीचं बुकिंग आज सकाळी दहाला उघडणार होतं. गेल्या वर्षी एकच मशीन पानंही दाखवी, नोंदीही सांभाळी. गर्दी झाली की ते लग्नातल्या एकट्या वाढप्यासारखं गरगरे! म्हणून या खेपेला नोंदींचा डेटाबेस वेगळ्या सर्व्हरवर. कुठे? शेजारी, भिमाआत्याच्या माजघरात. तिच्याकडे इन्व्हर्टर होता. मधल्या सुपारीच्या वाडीतून केबल.

दहा.

प्रणालीने पान उघडलं. क्षणात उघडलं!

"बघ! काय स्पीड!"

"अहो, 'डेटाबेस सापडत नाही' असं लिहिलंय."

"पण किती लवकर लिहिलंय!"

दहा वाजून तीन.

"वानरांनी केबल तोडली!" गणराज वाडीत धावला. केबल टोकापासून टोकापर्यंत चाचपली. केबल धड. वानरं धड. गणराजचा लेंगा तेवढा फाटला.

दहा वाजून वीस. आत्याचं माजघर.

सर्व्हर पाटावर. हळद, कुंकू, झेंडूची माळ. शेजारी कोयता, विळी, पाण्याचा पंप.

"आत्या! हा बंद कुणी केला?"

"मीच. आज खंडेनवमी न्हाय व्हय? आठ दिस झालं, घूं घूं करतंय बिचारं. डोळ्याला डोळा न्हाय! आज हत्याराला इसावा."

"अगं, बारा घरांची दिवाळी आहे त्यात!"

"म्हणून तर माळ मोठी घातली."

"चालू कधी करायचा?"

"उद्या. सोनं वाटून झालं की."

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचे पाहुणे! साइट चालत नाही, फोनवर खोली मिळेल का?

"मिळेल! हव्या तितक्या!" गणराजच्या अंगात वारं शिरलं. साइट गेली खड्ड्यात, बुकिंग वहीत! "आत्या, वही! पेन!"

आत्याने पाटाकडे बोट केलं. पंपाच्या मागे वही. वहीवर पेन. दोघांवर कुंकू.

"हरकत नाही! पाठ करतो! हं, नाव सांगा साहेब..."

"अरे थांब!" आत्याने कुंकवात बोट बुडवलं. "तुझं हत्यार राह्यलंच की!"

फोन सध्या पाटावर आहे. माळेखाली. सारखा वाजतोय. उचलायचा उद्या, सोनं वाटून झालं की.